वानखड्यांची ज्वारी

वानखड्यांचा प्रबंध लोकांनी खाल्ला, असं मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, मी अलंकारिक बोलतोय. इंग्रजीच्या मास्तराबद्दल असा संशय येणं साहजिक आहे. पण मी जे झालं तेच सांगतो. प्रबंध आधी आगटीत भाजला गेला, मग तळहातावर चोळला गेला, फुंकर मारून त्याचा कोंडा उडवला गेला आणि तिळाची चटणी, गूळ, दही यांच्याबरोबर तो खाल्ला गेला. खाणाऱ्यांत विद्यापीठाची मोठमोठी माणसं होती. खाऊन झाल्यावर त्यांनी ‘संशोधनाची प्रगती समाधानकारक आहे’ असा शेरा लिहिला आणि ती सावलीत जरा आडवी झाली.

ही गोष्ट साठच्या आसपासची. अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाताना रस्त्याच्या अंगाला एक शेतकी कॉलेज होतं. तिथे मी इंग्रजी शिकवायचो. ज्या मुलांना पुढे जन्मभर बैलांशी बोलायचं होतं, त्यांना मी पॅसिव्ह व्हॉइस समजावून सांगत असे. कॉलेजच्या मागे फार्म होता आणि फार्मच्या कडेला आम्हा सड्या माणसांसाठी पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. माझ्या शेजारच्या खोलीत किसन वानखडे राहायचे. फार्मवर तात्पुरते सहायक, आणि डॉक्टरेटचे विद्यार्थी.

वानखडे उंच, सडपातळ, आणि बारा महिने खाकी कोटात. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात कावळेसुद्धा चालत जातात. तेव्हाही कोट अंगावर. कारण कोटाला खिसे होते आणि खिशांत बियाणं होतं. तूर, मूग, अंबाडी, सापडेल ते. उजव्या खिशाला भोक होतं. ते शिवून घ्या असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, “राहू द्या ना मास्तर. ज्याले उगवाचं हाये ते उगवन.” परिणामी पावसाळा लागला की त्यांच्या खोलीपासून फार्मपर्यंतच्या पायवाटेवर तुरीची रोपं उभी राहत. वानखडे उन्हाळाभर कुठे कुठे गेले होते, ते श्रावणात सगळ्या कॉलेजला दिसे. एका वर्षी प्राचार्यांच्या फाटकाबाहेर, एकाच जागी, तुरीचं दाट बेट उगवलं. नोकरी कायम करा असं सांगायला वानखडे तिथवर गेले होते आणि आत जायचा धीर न होऊन बराच वेळ उभे राहिले होते, हे त्या बेटामुळे कळलं.

जमीन पाहायची त्यांची रीतही निराळी होती. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, मग थुंकून निकाल द्यायचा. “भुकेली हाये.” किंवा, “जेवलेली हाये.” प्रयोगशाळेतल्या माणसांना याचा फार राग येई, कारण त्यांना त्याच निकालासाठी आठवडा लागायचा आणि तोही कित्येकदा उलटा निघायचा.

त्यांच्या प्रबंधाचं इंग्रजी नाव वाचताना मधे दोनदा श्वास घ्यावा लागे. ते मीच तपासून दिलं होतं, म्हणून मला ठाऊक आहे. साध्या भाषेत प्रश्न एवढाच होता : पोत्यातलं विकतचं खत न घालता, जमिनीत पिकलेलं आणि जमिनीवर चरलेलं तिचं तिलाच परत दिलं, तर ती माणसांना वर्षानुवर्षं पोसत राहील का? त्यासाठी ज्वारीच्या तासांमधे, म्हणजे ओळींमधे, मूग आणि तूर घ्यायची, शेणखत टाकायचं, आणि उत्पन्न तोलायचं. “अहो, हे तर माझी आजी करत होती!” असं कोणीतरी त्यांना हिणवून म्हणालं, तेव्हा वानखडे शांतपणे म्हणाले, “करत होती ना. वजन नव्हती करत.”

त्यांचे मार्गदर्शक डॉ. पांढरीपांडे. ते अमेरिकेहून दोन गोष्टी घेऊन आले होते : एक फेल्टची हॅट आणि दुसरी पोत्यातल्या खतावरची निष्ठा. मग त्यांनी हा विषय मंजूर कसा केला? मी विचारलं होतं. “हे एकदाचं खोटं ठरून जाऊ द्या,” ते म्हणाले. शंका एवढीच, की खोटं ठरवायलाही पीक तोलावं लागतं, आणि तोलायला ते शिल्लक असावं लागतं.

नियम असा होता : एकाच तुकड्यावरचे लागोपाठ तीन हंगाम तोलून दाखवायचे. एक हंगाम जरी बुडाला, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि दर हंगामात विद्यापीठाच्या पाहणी समितीने उभं पीक डोळ्यांनी बघून सही करायची. हे झालं तर पदवी, पदवी मिळाली तर कॉलेजात कायमची नोकरी. नाही तर भातकुलीकडच्या आपल्या गावी परत, बापाच्या शेजारी दुसऱ्याच्या वावरात मजुरीला. वानखड्यांच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेले ते पहिले. छप्पन साली बापलेकांनी बरोबरच दीक्षा घेतली होती. त्यानंतर म्हाताऱ्याने गावकीची सगळी कामं टाकून दिली होती आणि आता मुलाने डॉक्टर व्हावं एवढीच त्याची इच्छा उरली होती.

समितीचे अध्यक्ष होते रावसाहेब. अमरावतीचे जुने वकील, चार गावांत जमीन, विद्यापीठाच्या सगळ्या मंडळांवर. शेतीविषयी त्यांचा अधिकार मोठा होता, कारण त्यांनी आयुष्यभर ती घोडागाडीतून पाहिली होती. प्रवासात ते स्वतःच्या घरचं पाणी स्वतःच्या पितळी तांब्यात घेऊन येत. फिरकीचं झाकण असलेला तो तांब्या सदैव त्यांच्या मांडीशी असे. वानखड्यांच्या खोलीतल्या माठाकडे त्यांनी पहिल्या भेटीत एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

दिवाळी आटोपली की ज्वारीचा दाणा दुधात भरतो आणि मग थोडे दिवस तो धड दूध नाही, धड धान्य नाही असा मऊ असतो. हुरडा होतो तो त्याच दिवसांत. समितीची तारीख नेमकी त्याच आठवड्यातली आली. वानखड्यांनी पांढरीपांड्यांना विनवलं, की तारीख महिनाभर पुढे ढकला. दाणा टणक झाला की धोका नाही. पांढरीपांडे म्हणाले, “समिती याच दिवसांत येते. तशी प्रथा आहे.”

समिती आली. पाच माणसं, दोन गाड्या. रावसाहेब बांधावर उभे राहिले, त्यांनी काठीने एक कणीस वाकवलं, दाणा नखाने दाबला, आणि त्यांचा चेहरा बदलला. गाडीतून उतरेपर्यंत ते शुद्ध बोलत होते. आता म्हणाले, “अरे बाप्पा! काय भरलं हाये हो पांढरीपांडे! हे नुसतं पाहूनच जाचं का?”

नुसतं पाहून जायचं असं म्हणणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे. खड्डा खणला गेला, गोवऱ्या पेटल्या. पांढरीपांड्यांनी घाईघाईने एका शिपायाला कणसं चोळायला बसवलं. वानखडे दूर उभे होते, ते दूरच राहिलेले बरे, असा पांढरीपांड्यांचा हिशेब. पण शिपायाच्या हातच्या हुरड्यात कोंडा राहत होता. रावसाहेबांच्या घशाशी दोनदा कुसळ अडकलं. शेवटी वानखडेच पुढे झाले, त्यांनी एक भाजलेलं कणीस दोन तळहातांत धरून असं फिरवलं, की खाली हिरवे मोत्यांसारखे दाणे आणि कोंडा वाऱ्यावर. रावसाहेबांनी मूठभर तोंडात टाकले.

“त्यालेच चोळू द्या,” ते म्हणाले.

पांढरीपांड्यांनी त्यांच्याकडे जरा प्रश्नार्थक पाहिलं. तांब्या मांडीशी होताच.

“अग्नीतून निघालेल्या वस्तूला काही लागत नाही,” रावसाहेब पुन्हा शुद्ध होऊन म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला, आणि दुपार कलेपर्यंत तो मागे घेतला नाही.

संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. तुकड्याची मधली तासं भुंडी दिसत होती.

“तुम्ही ‘नाही’ का म्हणाला नाहीत?” मी विचारलं.

“कावून म्हनू? वावरावर आलेल्या मानसाले ‘खाऊ नोका’ कसं म्हनाव, मास्तर? माह्या बानं आयकलं तं घरात घ्यायचा नाई मले.”

“पण तुमचा हंगाम गेला.”

“गेला,” ते म्हणाले. “पन खाल्लं कसं आवडीनं, पाह्यलं ना?”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मला तेच कळेना. त्या वर्षीच्या अहवालात त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘समितीने आकडे खाल्ले.’ मी ‘आकडे’ खोडून ‘पीक’ केलं. त्यांनी माझं खोडून पुन्हा ‘आकडे’ केलं. “पीक खाल्लं असतं तं काय होतं मास्तर, पीक खायासाठीच असते. त्याईनं आकडेच खाल्ले.”

वानखड्यांनी स्वतः मात्र त्या तुकड्यावरचा एक दाणा कधी तोंडात टाकला नाही. आसपास पाच माणसं ढेकर देत असताना हा माणूस कणसं चोळत बसे आणि नंतर खोलीत येऊन बाजारच्या ज्वारीची भाकर खाई. “माह्या पोटात गेलं तं आकडा खोटा पडते,” म्हणायचे.

पुढच्या वर्षी त्यांनी तोड काढली. आपल्याकडे ज्वारीची ‘वाणी’ नावाची एक जात आहे. ती फक्त हुरड्यासाठीच असते. शेतकरी तिची दोन-चार तासं धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला पेरतो, म्हणजे पाहुण्यांची सोय होते आणि मुख्य पीक वाचतं. वानखड्यांनी तुकड्याच्या चारी बाजूंनी वाणी पेरली. तटबंदीच म्हणा. समिती आली. वाणीचा हुरडा म्हणजे साखर. समितीने तटबंदी आवडीने खाल्ली. वानखड्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं. तेवढ्यात रावसाहेब हात झटकत उठले आणि म्हणाले, “हे झालं वाणीचं. आता तुमच्या प्रयोगाचं पाहू. तुलना केल्याशिवाय शास्त्र कसं होईल?”

समितीने तुलना केली. एका कणसावर तुलना होत नाही असं पांढरीपांड्यांनी निदर्शनास आणलं. अमेरिकेत ते निदान तेवढं तरी शिकले होते. सूर्य मावळायला आला तेव्हा शास्त्र पुरं झालं आणि दुसराही हंगाम बुडाला.

तिसऱ्या वर्षी वानखड्यांनी जे केलं, त्याला मी पांडित्यातून आलेला मूर्खपणा म्हणेन. साध्या शेतकऱ्याच्या हातून तो झाला नसता. त्यांनी तुकड्याच्या चारी कोपऱ्यांवर फलक लावले. मराठीत आणि इंग्रजीत. ‘सावधान. विषारी औषध फवारले आहे.’ खाली कवटी आणि दोन हाडं. इंग्रजी मी तपासून दिलं. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

समितीने फलक वाचले. रावसाहेबांनी उचललेली काठी खाली ठेवली. पाचही माणसं बांधावरून बघून, चहा पिऊन परत गेली. त्या वर्षी एक कणीससुद्धा मोडलं गेलं नाही. वानखड्यांनी पीक कापलं, तोललं, आणि पेढे आणले. मी दोन खाल्ले. मग विद्यापीठाचं उत्तर आलं. समितीने नोंद केली होती, की बाहेरचं काहीही न घालता पीक घेण्याचा हा प्रयोग असताना तुकड्यावर विषारी औषध फवारलेलं आढळलं. सबब हा हंगाम रद्द.

वानखडे पांढरीपांड्यांकडे धावले. मीही बरोबर गेलो.

“सर, औषध मारलंच नाई! नुसता बोर्ड हाये!”

“म्हणजे बोर्ड खोटा आहे?”

“हो सर.”

“सरकारी जमिनीवर खोटा सरकारी बोर्ड?” पांढरीपांड्यांनी हॅट काढून टेबलावर ठेवली. “वानखडे, नीट विचार करा. बोर्ड खरा असेल, तर तुमचा हंगाम जातो. खोटा असेल, तर नोकरी जाते. तुम्हाला कोणता हवा?”

वानखड्यांनी बोर्ड खरा करून घेतला.

त्याच उन्हाळ्यात त्यांचे वडील दोन दिवस येऊन राहिले. वाळलेल्या लाकडासारखा म्हातारा, डोक्याला पांढरं पागोटं. पायरीवर बसून त्याने मुलाची उलटतपासणी घेतली.

“किती सालं झाली तुह्या प्रयोगाले?”

“तीन झाली, बा.”

“अन् किती बाकी हायेत?”

“तीन.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, तुमीच सांगा. वावर पिकाले एक साल लागते. याचं कावून असं, का जितके जाते तितकेच उरते?”

मी त्यांना समितीची हकीकत सांगितली. हुरड्याचं ऐकताच म्हातारा हसायला लागला. इतका हसला की त्याला खोकला आला. मग सहज म्हणाला, “पाटलाच्या वावरात आगटी मीच पेटवत असो. गोवऱ्या माह्या, राखन माही. कनसाले मातर हात लावाचा नाई. पावने उठून गेले का मंग उरलं-सुरलं पदरात टाकत. गार झालेलं. गार हुरडा म्हंजे काय असते, मास्तर? चिकट.” आणि मुलाकडे वळून, “तुह्या वावरातला हुरडा गरम असते ना?”

“गरमच असते, बा.”

“मंग मले कवा बलावतं?”

“डिग्री झाली का या.”

म्हातारा मान हलवून म्हणाला, “पाह्य बाप्पा. माह्याकडं तितके सालं उरले पाह्यजेत.”

तो गेल्यावर वानखडे दोन दिवस तुकड्याभोवती फेऱ्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे राहून म्हणाले, “मास्तर, खाऊ द्यावं त्याईले. पन मोजून खाऊ द्यावं.”

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण त्या हिवाळ्यात समितीच्या गाड्या आल्या, तेव्हा बांधावरच्या निंबाखाली एक अजस्र वजनकाटा उभा होता. कपाशीच्या गोदामातला, लोखंडी पाट, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. वानखडे कोटाची बटणं लावून शेजारी उभे.

“सायेब, हुरडा तयार हाये,” ते म्हणाले. “फकस्त आधी काट्यावर बसा लागन. खाच्या आधी एक वजन, खाल्ल्यावर एक. मधला फरक म्हंजे उत्पन्न.”

पांढरीपांडे हॅटच्या आत शिरल्यासारखे दिसले. आता वानखड्यांची गठडी वळणार असं मला वाटलं. पण मी मोठ्या माणसांना पुरतं ओळखलं नव्हतं. आपलं शरीर विज्ञानाच्या कामी येतंय हे ऐकून रावसाहेबांचा चेहरा उजळला. आजवर त्यांची सही मोलाची होती. आता ते स्वतःच मोलाचे ठरत होते. त्यांनी उपरणं सावरलं, काठी पांढरीपांड्यांच्या हाती दिली आणि पाटावर मांडी घालून बसले, जशी काही त्यांची तुलाच होणार होती.

मग अटी आल्या. चटणी, गूळ, दही प्रत्येकाला तोलून मिळेल. ते नंतर वजा होईल. कोंडा गोळा करून तोलला जाईल. आणि दोन वजनांच्या मधल्या काळात कोणीही नाल्याकडे जायचं नाही.

“म्हणजे?” रावसाहेबांनी विचारलं.

“म्हंजे तसंच, सायेब. आकडा खोटा पडते.”

“ठीक आहे,” रावसाहेब गंभीरपणे म्हणाले. “शास्त्र आहे.”

“अन् तांब्या द्या.”

“तांब्या कशाला?”

“पानी किती पेले ते वजा करा लागन. पयले भरलेला तोलतो, मंग उरलेला.”

रावसाहेबांचा हात तांब्यावर गेला आणि तिथेच राहिला. आगटीचा धूर आमच्या डोळ्यांत येत होता, पण कोणी डोळे चोळले नाहीत. वानखडे हात पुढे करून उभे होते. हिशेबाला तांब्या लागतो, एवढंच त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. शेवटी रावसाहेबांनी तांब्या दिला. वानखड्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, तोलला, आकडा मोठ्याने वाचला आणि परत केला.

त्या दिवशी रावसाहेब पाणी प्यायले नाहीत. तिखट चटणी, उन्हाची वेळ, तरी नाही. संध्याकाळी तांब्या पुन्हा तोलला तेव्हा भरलेलाच होता, आणि वानखड्यांनी ‘पाणी : शून्य’ अशी नोंद केली. काट्याच्या दुसऱ्या वर्षी अर्धा तांब्या रिकामा झाला. तिसऱ्या वर्षी रावसाहेब तांब्या घरीच विसरले आणि वानखड्यांच्या माठातलं पाणी मापाच्या भांड्याने प्यायले. ते विसरले की तांब्या तोलून घ्यायचा कंटाळा आला, हे मला सांगता येणार नाही. वानखड्यांनी विचारलं नाही. त्यांना फक्त पाण्याचा आकडा हवा होता.

अशा रीतीने तीन हंगाम लागोपाठ पार पडले. हुरडा ओला, धान्य कोरडं, म्हणून ओल्या दाण्याचं वाळल्यावर किती उरतं तेही वानखड्यांनी करून ठेवलं. काटा जुन्या मण-शेरांचा, विद्यापीठाला हवे किलो; तो गुणाकार मी तपासला. बाकीचं पीक कापून तोललं, समितीच्या पोटातलं त्यात मिळवलं, आणि उत्पन्न पहिल्या हंगामापेक्षा शेवटच्या हंगामात तसूभरही कमी भरलं नाही. प्रबंध बांधून आला. शेवटी एक परिशिष्ट होतं : ‘पाहणी समितीची वजने, हुरड्यापूर्वी व हुरड्यानंतर.’

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, ते उत्तरेतले. गव्हावर वाढलेले, कोरडे, अतिशय सभ्य. हुरडा हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. बाकीचा प्रबंध त्यांनी चाळला आणि परिशिष्टापाशी थांबले. मी दाराजवळ बसलो होतो, इंग्रजी अडलं तर मदतीला.

“हे काय आहे?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“पीक, सर,” वानखडे म्हणाले.

“इथे पाच सद्गृहस्थांची वजनं दिली आहेत.”

“होय सर. उत्पन्नाचा तेवढा भाग त्यांच्यात आहे.”

परीक्षकांनी चष्मा काढला. ते म्हणाले, मी अनेक विद्यापीठांचे प्रबंध तपासले आहेत; पण माणसं तोलून धान्य मोजल्याचं कुठे पाहिलं नाही. ही थट्टा असेल तर ती वाईट आहे, आणि थट्टा नसेल तर अधिक वाईट. हे आकडे विश्वासार्ह नाहीत, म्हणून ते वगळावेत. वगळले तर उत्पन्न घटलेलं दिसतं, म्हणजे सिद्धांतच पडतो. पांढरीपांड्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. वानखडे उभे होते. त्यांचा उजवा हात कोटाच्या फाटक्या खिशात गेला आणि फरशीवर मुगाचे दोन-चार दाणे पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

तेव्हा समितीचे अध्यक्ष या नात्याने कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसलेले रावसाहेब उठले. काठी टेकत ते टेबलापर्यंत आले.

“विश्वासार्ह नाहीत?” ते मराठीतच म्हणाले, आणि मग माझ्याकडे बोट करून, “मास्तर, यांना इंग्रजीत सांगा. माझं वजन खोटं आहे असं म्हणायची आजवर कोणाची छाती झाली नाही. मी स्वतः त्या काट्यावर बसलो आहे. तीन वर्षं! या प्रबंधासाठी मी भरल्या पोटी दोन-दोन तास नाल्याकडे गेलेलो नाही. या वयात! यांच्या विद्यापीठातल्या कोणी शास्त्रासाठी एवढं सोसलंय का, विचारा यांना.”

मी भाषांतर केलं. नाल्याकडच्या वाक्याला इंग्रजीत सभ्य शब्द सापडेना. शेवटी जसं होतं तसं सांगितलं. परीक्षकांनी रावसाहेबांकडे बराच वेळ पाहिलं, विशेषतः मध्यभागी. मग वानखड्यांना एकच प्रश्न विचारला, “दही वजा केलंत?”

“होय सर. गूळसुद्धा.”

परीक्षकांनी सही केली.

वानखडे डॉक्टर झाले. नोकरी कायम झाली. तोवर मला अमरावतीच्या एका कॉलेजात जागा मिळाली होती, आणि दिवाळीनंतर मी अकोला सोडलं. निघायच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला त्यांच्या खोलीवर गेलो, तर कुलूप. पायवाटेवरच्या तुरी कमरेएवढ्या झाल्या होत्या; त्यांच्या मागोमाग मी फार्मवर गेलो.

आगटीचा धूर लांबूनच दिसला. वानखडे उकिडवे बसून कणसं भाजत होते. कोट अंगावर होताच. पाहुण्यांसाठी अंथरत ती सतरंजी आज नव्हती. समितीसाठी आणलेला तो अजस्र काटा मात्र निंबाखाली तसाच उभा होता, कारण परत न्यायला गोदामातून कोणी फिरकलंच नव्हतं. त्याच्या लोखंडी पाटावर म्हातारा पाय खाली सोडून बसला होता. वानखडे एकेक कणीस तळहातांत फिरवत, फुंकर मारत आणि वाफाळते दाणे बापाच्या ओंजळीत ओतत. एकदा त्यांनी मूठभर स्वतःच्याही तोंडात टाकले.

“पोळन ना, हळू,” वानखडे म्हणाले.

“पोळू दे,” म्हातारा म्हणाला.

तो प्रत्येक घासाला पुढे झुकत होता, आणि त्याच्या डोक्यावरची दांडी खाली-वर होत होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. मी धुऱ्यावरूनच परत फिरलो.